इंजिन थंड असताना बघावं

५ फेब्रुवारी

भावजी,

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी काम. सोबत वर्तमानपत्रातली जाहिरात कापून पाठवते आहे. बागेचा छोटा ट्रॅक्टर, जुना, चालू स्थितीत. मागे ट्रॉली जोडता येते आणि पोटाखाली गवत कापायची पाती आहेत. पत्ता तुमच्याच गावचा आहे. तुम्ही जाऊन तो बघून यायचं.

तुम्ही पडलात शिंपी. शिवणयंत्रापलीकडचं यंत्र तुम्हाला कळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिकडे आपलं दुसरं आहे कोण?

फोन का केला नाही, असं विचाराल. फोन तुमच्या दादांच्या खुर्चीशेजारी आहे. डोळे गेले आणि कान चौपट झाले, अशी गत आहे. मी स्वयंपाकघरात कुठला डबा उघडला ते हे ओट्यावर बसून सांगतात. आणि मला जे लिहायचंय ते यांच्या कानावर जायला नको.

तर असं आहे. आपला जुना गडी कारखान्यात लागला, त्याला आता वर्ष होत आलं. दुसरा मिळाला नाही. रोपवाटिकेतली ढकलगाडी तेव्हापासून मीच ओढते. माती, खत, कुंड्या, सगळं. यांना सांगितलंय की नवा गडी ठेवलाय, पहाटे येतो, कामाला वाघ आहे पण तोंडातून शब्द काढत नाही. हे अधूनमधून त्याची चौकशी करतात. जेवला का म्हणतात. मी म्हणते, जेवला.

आता माझा उजवा खांदा गेलाय. डॉक्टर म्हणाले, असंच ओढत राहिलात तर हात कायमचा निकामी होईल. रोपांच्या हंगामाच्या आत ओढायला काही मिळालं तर रोपवाटिका राहील, नाहीतर गाशा गुंडाळून लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर. लेक सोन्यासारखी आहे, त्याबद्दल शब्द नाही. पण इथे हे काठीशिवाय फिरतात, कुठल्या वाफ्यात काय आहे ते वासावरून सांगतात. तिथे यांना खिडकी कुठे आहे तेसुद्धा दुसऱ्याने सांगायचं. मी थकले आहे भावजी, पण यांना तसं नेऊन बसवायची माझी तयारी नाही.

ट्रॅक्टर घ्यायचाय एवढं यांना माहीत आहे. गड्याची कंबर धरते म्हणून, असं सांगितलंय. लगेच नियम सांगायला बसले. सगळा जन्म इंजिनं खोलण्यात गेलेला माणूस, यांना कोण अडवणार? पहिला नियम असा: इंजिन थंड असताना बघावं. गेल्या गेल्या वर हात ठेवायचा. गरम लागलं तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंडीत सुरू होताना ते रडतं आणि तो ते लपवतोय. मग पुढचं काही बघायचं नाही, चहासुद्धा न घेता उठायचं. थंड लागलं तर तेलाची कांडी ओढून बघायची. तेल काळं चालेल, दुधाळ नको. पात्यांवरचं झाकण खालून चाचपायचं, गंजून भोकं पडलीत का ते. एवढं पुरे, म्हणाले, बाकी त्याच्या डोक्यात राहायचं नाही.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे, कॉलर लावून लावून मान वाकडी झाली आहे, तरी तुमचं पत्र आल्यावर पहिल्या सुट्टीला गेलो. दादांचा निरोप ते शेवटचं वाक्य गाळून दिला असतात तरी चाललं असतं.

गल्लीच्या टोकाला दुमजली घर आहे. मागे लांबच लांब आवार, शेवटी तारेचं कुंपण. दार एका बाईंनी उघडलं. वय दादांएवढं असेल, गुडघे पार गेलेले, दर पावलाला भिंतीला हात. पण बोलणं नीटनेटकं. मी येणार हे आधी कार्ड टाकून कळवलं होतं आणि आधी सुरू करू नका असंही लिहिलं होतं.

ट्रॅक्टर घराला लागूनच उभा होता, वरच्या मजल्यावरच्या खिडकीखाली. लाल रंग उडालाय, बसायची गादी फाटलीय (वाईट शिवली होती, कोपऱ्यात ताण आला की तसंच होतं). मी दादांचं नाव घेतलं आणि हात ठेवला. वहिनी, चटका बसला.

मी म्हटलं, "बाई, हे आत्ताच चालवलंय."

त्या म्हणाल्या, "रोज सकाळी वापरात असतं."

आता ऐका. मागचं सगळं गवत माझ्या गुडघ्यापर्यंत आलंय. रोज वापरात असलेलं यंत्र आणि गवत गुडघाभर! एवढं न कळायला मी काही दूधखुळा नाही. शिवाय ट्रॅक्टर उभा होता तिथे धुराच्या नळीसमोर गवताचा एक तुकडा पार करपलेला. म्हणजे महिनोन्महिने तो तिथून हललेलाच नाही.

आणि त्या सारख्या वर खिडकीकडे बघत होत्या. मी जरा आवाज चढवला तर ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला," म्हणाल्या. वस्तू त्यांचीच आहे ना, अशी मला शंका आली. मी काढता पाय घेतला. 

चहा घेतला. नाही म्हणवेना. तेवढं दादांना वाचून दाखवू नका.

धाकटा


१९ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. चहा गाळला. हे इतके खूश झाले की विचारू नका. "बघ, हात ठेवल्याशिवाय कळलं असतं का?" असं दिवसभर चाललं होतं. यांचा नियम खरा ठरला आणि माझं काम अडलं.

मी इकडे आणखी चौकशी केली. दोन ट्रॅक्टर निघाले. एकाचं इंजिन नाही आणि दुसऱ्याचा मालक शुद्धीत नाही. तेव्हा तुम्ही पुन्हा जा. या खेपेला कार्ड टाकू नका. सकाळी लवकर, न सांगता जा आणि थंड असतानाच गाठा. बाई खोट्या असतील, पण यंत्र खोटं आहे की नाही ते तरी कळू दे. रडत का होईना, सुरू होत असेल तर हे इथे आणून ते ठीक करतील. यांच्या हातांना दिसतं अजून.

सोमवारी माझ्या हातून रोपांचा अख्खा ट्रे पडला. खांद्यातून कळ आली आणि बोटं आपोआप उघडली. आवाज झालाच. हे ओट्यावरून ओरडले, "काय पडलं?" मी म्हटलं, गड्याच्या हातून ट्रे निसटला. मग म्हणाले, "त्याला रागावू नकोस. दमला असेल."

मी खाली बसून माती गोळा करत राहिले. भावजी, लवकर जा.

वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनी,

जाऊन आलो. माझं मागचं पत्र फाडून टाका.

उजाडता उजाडता पोचलो. फाटक उघडं होतं. घराच्या कोपऱ्यावरून बघितलं तर बाई शाल गुंडाळून ट्रॅक्टरवर चढत होत्या. एवढ्याशा पायरीला त्यांना दोनदा थांबावं लागलं. किल्ली फिरवली, आणि दादांना सांगा, यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. कडाक्याची थंडी होती आणि ते अजिबात रडलं नाही. मी मनात म्हटलं, मग ही बाई लपवते तरी काय?

त्यांनी ट्रॅक्टर हलवलाच नाही. तिथेच, खिडकीखाली, हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. एखादं मोठं मैदान कापून होईल एवढा वेळ यंत्र नुसतं धडधडत होतं. मग बंद केलं, मान वर केली आणि खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "झालं हो कुंपणापर्यंतचं!"

वरून पुरुषाचा आवाज आला, "दमलीस का?"

"छे!" म्हणाल्या, आणि उतरताना चाकाला धरून उभ्याच राहिल्या. तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

स्वयंपाकघरात बसवून त्यांनी सगळं सांगितलं. (हो, चहा घेतला.) त्यांचे यजमान एका क्रीडांगणाचे माळी होते. हा ट्रॅक्टर त्यांचा स्वतःचा. निवृत्त झाल्यावर घरामागचं आवार रोज सकाळी कापायचे, गरज असो नसो. मागच्या वर्षी शिडीवरून पडले, कमरेखाली जीव राहिला नाही. वरच्या खोलीत असतात. पलंग अशा जागी की खिडकीतून फक्त आभाळ दिसतं. सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, जेवायचे नाहीत. एक दिवस बाईंनी सहज यंत्र सुरू करून बघितलं आणि वर गेल्या तर ते म्हणाले, "कापलंस?" त्यांच्या तोंडून हो निघून गेलं. त्या दिवशी ते जेवले. तेव्हापासून रोज.

मी विचारलं, "मग विकता कशाला?"

"गुडघे संपले. हा जिना रोज थंडीत उतरायचा. एखाद्या सकाळी मी पडले तर वरच्या माणसाला पाणी कोण देणार? दुरुस्तीला दिलंय असं सांगेन त्यांना. दुरुस्तीला गेलेली वस्तू परत येत नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं."

वहिनी, यंत्र चांगलं आहे. तेल काळं आहे, दुधाळ नाही. झाकणाला एका बाजूला गंज आहे, पण बोट आरपार जात नाही. घ्यायला काहीच हरकत नाही. आणि मला ते घ्या असं लिहवत नाही. तुम्हीच काय ते सांगा.

धाकटा


६ मार्च

भावजी,

पत्र वाचून मी चिडले. तुमच्यावर नाही, कुणावर तेही कळेना. मला वाटलं होतं तुम्ही हो किंवा नाही लिहाल. तुम्ही माझ्या गळ्यात एका माणसाची सकाळ बांधलीत.

माझा हात आता खांद्याच्या वर जात नाही. वेणी डाव्या हाताने घालते, तशीच दिसते. ट्रॅक्टर आणला तर मला झोप लागायची नाही, आणि नाही आणला तर हंगाम हातचा गेला. बाईंना कोणी ना कोणी गिऱ्हाईक मिळेलच, मग ते आम्हीच का नाही, असं मनाला समजावते. मन काही केल्या समजत नाही. थकलेल्या माणसाने चांगलं वागायचं म्हणजे फार जड जातं हो.

पत्र यांना सगळं वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही. मग विचारलं, "बाई यंत्र जागच्या जागी चालवतात, असं लिहिलंय ना त्याने?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "आणि तो माणूस माळी होता?" हो. मग काठी मागितली. घरात यांना काठी कधी लागत नाही. "मी जातो," म्हणाले. "मालकाला भेटल्याशिवाय मी यंत्र घेत नाही."

आपला रोपांचा टेंपोवाला चौदाला तिकडे येतो आहे, त्याच्या शेजारी बसवून पाठवते. मला रोपं सोडून निघता येत नाही. बाईंना कळवा. त्या दिवशी यंत्र सुरू करू नका म्हणावं. आणि तुम्ही जिभेला गाठ मारून ठेवा. गड्याचा विषय निघाला तर कामाला चांगला आहे म्हणे, एवढंच.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

हे पत्र दादांच्या हाती देत नाही, टपालाने पाठवतो आहे. म्हणजे ते उद्या घरी पोचतील आणि हे मागाहून. ते तुम्हाला काय सांगतील आणि काय नाही याचा भरवसा नाही, म्हणून जे झालं ते लिहितो.

दादा उतरले ते थेट यंत्रापाशी. हात ठेवला. थंड होतं. मग त्यांनी ते पायापासून डोक्यापर्यंत चाचपलं, पुढचं चाक धरून हलवलं, पट्ट्यावर नखाने ओढून बघितलं. बाई बाजूला उभ्या होत्या. दादा म्हणाले, "मालकांनी फार नीट ठेवलंय." बाई नुसत्या हं म्हणाल्या.

यजमानांना बाईंनी सांगितलं होतं की मेकॅनिक येणार आहेत. दादांना मी हाताला धरून वर नेलं. खोली लहान, स्वच्छ. पलंगावर मोठ्या हाडाचा माणूस, हात अजून कुदळ धरणाऱ्याचे. बाई चहाला खाली गेल्या. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत यजमान थांबले.

मग म्हणाले, "घेऊन जाताय ना?"

दादा म्हणाले, "तुम्हाला कळलंय तर."

"मी ते यंत्र वीस वर्षं चालवलं. पाती गवतात शिरली की आवाज खाली बसतो. उंच गवत आलं की आणखी बसतो, वळणावर मोकळा होतो. रोज सकाळी खाली ते एकाच सुरात चालतं. उभं असतं ते. पहिल्या दिवशीच कळलं."

मी न राहवून विचारलं, "मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू मी चुकीचं माप घेतलंय. "काय सांगू? ती एवढ्या थंडीत खाली जाते, वर येऊन मला सांगते कुंपणापर्यंत झालं. मी काय म्हणू, खोटं बोलतेस? मी यंत्र ऐकतच नाही. बंद झाल्यावर जिना ऐकतो. कुठल्या पायरीवर थांबते ते ऐकतो. आधी मधल्या पायरीवर थांबायची, आता तिसरीलाच थांबते. ते घेऊन जा हो. पण मला माहीत होतं हे तिला कळू देऊ नका. एवढा मान तिचा राहू दे."

दादांनी चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरला. खालून कपांचा आवाज आला तेव्हा सोडला.

चहा झाल्यावर दादा बाईंना म्हणाले, "यंत्र ओझ्याखाली बघितल्याशिवाय घेता येत नाही. गवत कापून बघावं लागेल." आणि मला म्हणाले, "बस."

मी? वहिनी, मी आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलेलं नाही. पण दादा खाली खिडकीखाली उभे राहून सांगत गेले, हा दांडा पुढे, आता पाती खाली, आता सोड. मी निघालो. पाती गवतात शिरली आणि खरंच, आवाज खाली बसला. मलासुद्धा कळला. मी कुंपणापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. ओळ वाकडी आली, आंधळ्याने कापड बेतल्यासारखी. दादा म्हणाले, "अजून एक." मी सगळं आवार कापलं. बाई पायरीवर बसून पदराने डोळे पुसत होत्या.

बंद केल्यावर त्या वर गेल्या. खिडकी उघडी होती, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"आज झकास चाललं."

"दुरुस्तीला नेतायत ते."

"नेऊ दे. घाई नाही म्हणावं."

ट्रॅक्टर टेंपोत चढवला. रात्री मुक्कामाला दादा माझ्याकडेच होते, पण जेवले कमी. एकदाच बोलले. विचारलं, "आपला गडी तू पाहिलायस?"

मी म्हटलं, नाही, पण कामाला चांगला आहे म्हणे.

"हो," म्हणाले. "फार काम करतो."

वहिनी, मी एवढंच बोललो. शपथ.

धाकटा


२२ मार्च

भावजी,

ट्रॅक्टर सुखरूप पोचला. तुम्ही फाटक्या गादीवर जुन्या कापडाची खोळ घालून पाठवलीत, तिच्यावर बसले की मला हसू येतं. गणवेशाचं कापड आहे ना ते?

बाईंना मी पत्र घातलं आहे. रोपांची पहिली खेप तिकडे जाईल तेव्हा त्यांच्या आवारासाठी वेली पाठवते, खिडकीपर्यंत चढणाऱ्या. आभाळाशिवाय काहीतरी दिसेल त्यांच्या यजमानांना. यांनीच सुचवलं.

तुमचं पत्र यांच्या मागून चार दिवसांनी आलं. मी ते रोपांच्या छपरात उभी राहून वाचलं आणि यांना वाचून दाखवलं नाही. तोपर्यंत त्याची गरज राहिली नव्हती. काय झालं ते लिहिते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी मला ट्रॉली जोडायला शिकवलं. म्हणाले, "तू शिकून घे, मग गड्याला शिकव." मी बरं म्हटलं. मातीची पोती डाव्या हाताने कशीबशी सरकवून ट्रॉलीत घातली, किल्ली फिरवली आणि निघाले. विहिरीपासून वरच्या वाफ्यांपर्यंतचा चढ तुम्हाला माहीत आहे. वर्षभर मी तो चढ पाठ वाकवून चढले, दर थोड्या वेळाने चाकाखाली दगड लावून, दम घेऊन. आता बसून चढले. यांनी आल्या दिवशी त्या माळ्याचं सगळं सांगितलं होतं, तसाच यंत्राचा आवाज खाली बसला. त्या भल्या माणसाची आठवण आली आणि माझे डोळे भरून आले, पण ओझं मात्र वर पोचलं.

परत येऊन यंत्र बंद केलं. हे ओट्यावर उभे होते, काठीशिवाय. मी जवळ गेले तसा यांनी हात पुढे केला आणि चाचपत माझा खांदा धरला. उजवाच. आधी डावा लागला होता, तो सोडून उजवा धरला. अंगठ्याने नेमकं दुखतं तिथे दाबलं.

"ढकलगाडीचं चाक चढावर कुठे कुठे थांबतं, ते मला पाठ झालंय," म्हणाले. "आता थांबायचं नाही."

मग म्हणाले, "त्या गड्याला सांग, उद्यापासून येऊ नकोस म्हणावं. आमच्यासाठी फार केलंस म्हणावं."

मी म्हटलं, "सांगते."

वहिनी